भरपूर गुरुजी

चहा येईपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या, म्हणजे हसायला दुसरं कुणी शोधायला नको. गावात मला 'भरपूर गुरुजी' म्हणतात. तुम्हाला वाटेल, अंगापिंडावरून. अहो, बघा की माझ्याकडं! मी असा काडीपैलवान, माझ्यात भरपूर असं आहे तरी काय? हे नाव मी माझ्या तोंडानं कमावलंय.

दोन हजार सालानंतर ते लागोपाठ कोरडे उन्हाळे आले होते ना, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, पण घोड नदीपासून लांब. टँकर यायचा तो ड्रायव्हरच्या मर्जीनं. एरवी बायका ओढ्यातल्या विहिरीवर जायच्या, उन्हातून चांगली लांबची चाल. माझी बायको सुनंदाही जायची. शिरूरच्या डॉक्टरांनी तिच्या कमरेला पट्टा दिला आणि बजावलं, वजन उचलायचं नाही.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "मग पानी कोन आननार? डाक्टर?"

मी आणायचं की! पण पुरुषानं हंडा उचलायचा नाही ही गावाची रीत, आणि मी रीतभात पाळणारा माणूस. ती पट्टा बांधून विहिरीवर गेली.

तशात कळलं, पुण्यात एक फाउंडेशन आहे. ही मंडळी स्वतः विहिरी खणत नाहीत की झाडं लावत नाहीत. जी संस्था असली कामं करते, तिला पैसे देतात. आता आमच्या गावात संस्था कुठली? गणपती बसवणारं तरुण मंडळ! पण नोंदणी केलेलं होतं बरं का, आणि सेक्रेटरी मीच. मी अर्ज लिहिला. विहीर खोल करायची, गावात टाकी बांधायची, खोदाईला गाव श्रमदान करील. असा करुण लिहिला, असा करुण लिहिला, की शिरूरच्या टायपिंगवाल्यानं मलाच आधी तांब्याभर पाणी दिलं!

फाउंडेशननं कळवलं, आमच्या मॅडम येऊन गाव बघतील, मग समिती ठरवेल. झालं! पुण्याची पाहुणी येणार म्हणजे काय साधी गोष्ट आहे? मारुतीच्या पारावर बैठक बसली. गावातले सगळ्यात वडीलधारे धोंडाआबा. त्यांचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे, आबा मात्र शेतीवर स्थिरावलेले. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा.

"पावनी येतीय," आबा म्हणाले, "तिला काय धुरळ्यात बसवायची? सडा झाला पायजे."

"आन् पानी हो, आबा?" कुणीतरी विचारलं.

"दोन दिस कमी पिऊ. पावन्याम्होरं रडायचं न्हाई."

आता इथं मी काय म्हणायला हवं होतं? 'आबा, पाणी नाही हे बघायलाच तर बाई येतायत!' म्हणालो का? छे! मी म्हणालो, "नुसता सडा कसा? रांगोळ्याही पाहिजेत."

दोन दिवस गावानं अंघोळी बंद ठेवल्या. टँकरचं पाणी राखून ठेवलं. पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या रशीदमामांनी आपलं अख्खं पिंप देऊन टाकलं. सुनंदानं विहिरीच्या जास्तीच्या खेपा घातल्या, का तर गुरुजींच्या दारातला रांजण काठोकाठ दिसला पाहिजे!

मॅडमची जीप आली तेव्हा पारापर्यंतचा रस्ता ओला होता. मॅडम साध्या सुती साडीत, हातात पाण्याची बाटली. ती मी अदबीनं काढून घेऊन परत जीपमध्ये ठेवली. "आमच्या गावात बाटलीतलं पाणी? मग आम्ही कशाला आहोत?" त्यांना वाळा घातलेलं गार पाणी दिलं, पाय धुवायला बादली दिली. मागं वळून बघतो, तर रशीदमामा जीप धूत होते!

ड्रायव्हर नको नको म्हणत होता. मामा ऐकतायत होय? "पावन्याची गाडी हाय. धुरळा बरा दिसतो व्हय?"

मॅडमनी बायकांना विचारलं, "पाणी पुरतं का हो?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पाहुणीपुढं उणं कसं बोलायचं? कमरेचा पट्टा पदराखाली लपवत सुनंदा म्हणाली, "पुरतं की. तुमी बसा, च्या घ्या."

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "गुरुजी, तुम्ही तरी खरं सांगा. अडचण किती आहे?"

इतकं सरळ आजवर मला कुणी विचारलं नव्हतं हो! आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"अडचण कसली, मॅडम? तुमच्या कृपेनं सगळं भरपूर आहे!"

मॅडमनी ओल्या रस्त्याकडं बघितलं. "तो अर्ज तुम्हीच लिहिला होता?"

"मीच!" मी छाती फुगवली.

"छान लिहिता. कथा लिहीत जा."

आणि मी लाजलो! मला ती तारीफ वाटली हो!

जीप चकचकीत होऊन गेली. रशीदमामा हात पुसत म्हणाले, "गुरुजी, टाकीचं कवा म्हनल्या?" तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. सायकल काढून फाट्यापर्यंत गेलो, पण जीप केव्हाच निघून गेली होती.

त्या आठवड्यात टँकर आलाच नाही. गावाचं राखलेलं पाणी रस्त्यावर सुकून गेलं होतं. सुनंदा विहिरीवर गेली, तिथं हंडा भरला आणि खाली बसली ती बसलीच, उठता येईना. रशीदमामांनी तिला टेम्पोत घालून घरी आणलं. मला तेव्हा जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. त्या दिवसापासून हंडा माझ्या खांद्यावर आला.

आणि टाकी? झाली की! शेजारच्या वाडीला झाली, तिथल्या बायकांच्या बचत गटाच्या नावावर. मॅडम परत जाताना तिथं थांबल्या होत्या. बायका पाण्याला गेलेल्या, वाडीत एक म्हातारी तेवढी होती. पाहुणीला पाणी देणं राहिलं बाजूला, म्हातारीनं मॅडमच्याच बाटलीतलं घोटभर मागितलं. तिनं अर्जही लिहिला नव्हता, कथाही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमचं गाव त्या वाडीच्या टाकीवर पाणी भरायला लागलं. वाडीवाले चांगले, नाही म्हणाले नाहीत. एकदा मी रांगेतून हंडा भरून घेतला. सोबत सुनंदा, हातात लहानशी कळशी. तेवढ्यात टाकी बघायला मॅडम आल्या.

"अरे, गुरुजी! तुम्ही इथं?"

सुनंदानं मला कोपरानं ढोसलं. बोला की आता! खरं बोलायला मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. गावासाठी टाकी मिळेल, हिची कमर वाचेल, सगळं एका वाक्यावर आलं होतं. मी घसा साफ केला.

"काही नाही, मॅडम, सहज आलो होतो. आमच्याकडं भरपूर आहे!"

हे म्हणताना भरलेला हंडा माझ्या खांद्यावर होता. टाकीवरच्या बायकांनी तिथल्या तिथं माझं बारसं केलं, आणि त्या नावानं सगळ्यात आधी हाक मारली ती सुनंदानं.

"चला, भरपूर गुरुजी. घरी रांजण रिकामा हाय."