डोळे कोण आखतं?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दादाला तर नाहीच. सांगायला तोंड उघडलं की मी भलतंच काहीतरी बोलत बसते. आत्ताही तसंच होईल — थोडं सोसा.

पेणला आमचा गणपतींचा कारखाना. मूर्ती घडवणारे, रंग मारणारे बरेच. पण डोळ्यांची आखणी एकटी माझी वहिनी करायची. मंदावहिनी, दादाची बायको. ती आखायला बसली की रेडिओ बंद. श्वास रोखून ती बुबुळाभोवती रेघ फिरवायची, आणि मातीचा तो गणपती एकदम आपल्याकडे बघायला लागायचा. खाडीकडच्या मिठागरातली मुलगी, शाळा जेमतेम चौथीपर्यंत. तिला हे कुणी शिकवलं? मला तर कधीच जमलं नाही. मी आपली पॉलिशपेपर घासणारी.

मला इंग्रजी शिकायचं होतं. कंपन्या आल्या म्हणून रोह्याला इंग्रजी बोलायचा क्लास निघाला होता. ऐन सीझनला कसला क्लास, म्हणून दादा खेकसला. वहिनी म्हणाली, "जाऊ द्या तिला. तिच्या वाटचं मी घासीन. उद्या बाहेरचा कोन आला तर आपल्यातलं कोनतरी बोलाया नको?" तीन महिने मी रोह्याच्या गाडीत बसून — कासू गेलं, नागोठणं गेलं — वाक्यं पाठ करत होते, आणि इकडे घासून घासून तिच्या बोटांची सालं निघत होती. आखणीच्या बोटांची.

मग बाहेरचं कुणीतरी आलंच. गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक गोरी बाई, मासिकात लिहिणारी. वहिनीने आखून सुकायला ठेवलेल्या गणपतीसमोर ती थबकली आणि तिने मला इंग्रजीत विचारलं, हे डोळे कोण आखतं?

मला प्रश्न कळला. एकूण एक शब्द कळला! त्या आनंदात तोंडून गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. वहिनी माझ्या शेजारीच उभी होती, पदराला हात पुसत, तोंडभर हसत — आपली नणंद इंग्रजी बोलते म्हणून. तिला एक अक्षर कळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी म्हटलं, "आय डू."

मासिक पोस्टाने आलं. फोटोत आम्ही दोघी, मजकुरात नाव माझं एकटीचं. वहिनीने ते पान फ्रेम करून कारखान्यात लावलं. शेजारणींना बोलावून आणलं. "वाच गो, काय लिवलंय?" आणि मी वाचलं — न अडखळता. तिचं कौतुक, तिचं नाव, जे तिथे नव्हतंच. दर सीझनला ती वाचायला लावायची, दर सीझनला मी वाचायचे. मग एकदाच खोटं बोलले, असं तरी कसं म्हणू?

एका वर्षी ती म्हणाली, "माझं नाव इंग्रजीत कसा लिवतात, दाखव गो." मी हौसेने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. खाली माझंही. कशाला लिहिलं मी माझं?

दुपारी चहा घेऊन गेले तर ती फ्रेमसमोर उभी. एका हातात तो कागद, दुसऱ्या हाताचं बोट काचेवरून ओळीओळीने सरकत होतं. वरपासून खालपर्यंत. मग पुन्हा वरपासून. माझ्या नावापाशी ते थांबलं. मी चहा तिथेच ठेवला आणि मागे फिरले — पळालेच म्हणा.

ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मला बरं वाटावं हे तिने का बघायचं? जिने माझ्यासाठी बोटं सोलून घेतली तिचाच मी विश्वासघात केला होता, तिच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी तिने न आखलेला एक गणपती माझ्यापुढे ठेवला, तिचा बारीक ब्रश माझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर, साध्या आवाजात म्हणाली, "घे गो. डोले तू आखतेस ना?"

त्यानंतर तिने ब्रश धरला नाही. आता आखणीला बाहेरचा माणूस येतो. हात थरथरायला लागला म्हणून हिने आखणी सोडली, असं दादा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. वहिनी बाजूला बसून पॉलिशपेपर घासत असते. मीही एक कागद उचलते आणि घासायला बसते.

तिचा हात आजही थरथरत नाही.