पुन्हा फुटलेलं पित्ताशय

बावड्यात बातमी फिरली, की जोतीरामाच्या लिव्हरमधली गाठ नरसिंहपूरच्या अंगाऱ्यानं विरघळली. बातमी खोटी. अंगारा बिचारा निर्दोष होता. करामत जोतीरामाच्या थोरल्या भावाची, हिंदुरावांची.

हिंदुराव म्हणजे गावातलं सगळं कळणारं एकमेव माणूस, असं हिंदुरावांचंच मत. कुठलंही काम दुसऱ्याला जमत नाही म्हणून ते स्वतः हात घालतात, आणि मग ते कुणालाच निस्तरत नाही. दवाखान्याच्या सरकारी कार्डावर धाकट्याचं नाव चढवायला त्यांना सात वर्षांत सवड झाली नव्हती. गाठ निघाली तसं त्यांनी जोतीरामाला बारामतीच्या तपासणी केंद्रात आपल्याच नावावर उभं केलं. पौषात एक स्कॅन झाला, फाल्गुनात दुसरा. वैशाखातल्या तिसऱ्याची तारीख आली आणि नेमकी त्याच दिवशी कालव्याच्या पाण्याची पाळी आली.

"दादा, पाण्याची दारं तुमी धरा. मी तपासून येतो," जोतीराम म्हणाला.

"माझं गुडघं धरल्यात, मी कुठनं दारं धरू? पाणी तू बघ. कार्ड माझं, नाव माझं. मग पोट माझं असलं तर बिघडलं कुठं?"

आणि गेलेच की! कडक इस्त्रीची टोपी काढून यंत्रात निजले, सांगितल्यावर श्वास धरला, आणि 'गाठ दिसत नाही' असा छापील कागद घेऊन आले. छापून आलंय म्हणजे गाठ गेलीच, असं या महापुरुषाचं गणित. पेढे वाटले. जोतीरामाच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, नवऱ्याच्या गोळ्यांची डबी देव्हाऱ्यामागं टाकली.

त्या केंद्रात इंदापूरची करुणा कॉम्प्युटरवर बसते. तिच्या सॉफ्टवेअरचं काम असं: एकाच माणसाचे निरनिराळ्या तारखांचे फोटो एकावर एक बसवायचे, सिनेमासारखे पुढं-मागं फिरवायचे आणि गाठ वाढली का आटली ते मोजायचं. पहिले दोन चपखल बसले. तिसरा काही केल्या बसेना. मणके सरकायचे, बरगड्या बाहेर यायच्या. आठव्या दिवशी तिनं कार्डवाल्याला बोलावून घेतलं आणि पडदा त्यांच्याकडं वळवला.

"आबा, हे बघा. पौषात तुमच्या पोटात पित्ताशय न्हाय, ऑपरेशन करून काढलेलं. फाल्गुनात न्हाय. आन् वैशाखात आख्खं हजर! तोडल्यावर उसाला खोडवा फुटतो, तसं फुटलं का?"

"यंत्र बिघडलं आसंल," हिंदुराव म्हणाले. "नाव तर एकच हाय न्हवं?"

"नाव एक, पोटं दोन. ज्याची गाठ हाय तो माणूस कुठाय?"

"...रानात."

"आत्ता आणा त्याला. आन् गोळ्या बंद केल्या असतील तर आजच सुरू करा."

दुपारी जोतीराम आला, पिंढऱ्यांना चिखल तसाच. मागून द्वारकाबाई, डबी पदरात घट्ट धरून. या वेळी त्याचा फोटो आधीच्या दोन्हींवर मणक्याला मणका लावून बसला. पौषात सुपारीएवढी असलेली गाठ लिंबाएवढी झाली होती. डॉक्टरांनी त्याच आठवड्यातली ऑपरेशनची तारीख दिली.

द्वारकाबाईनं दिराकडं बघितलं. "भावजी, एका पाळीपायी माझ्या मालकाचा जीव घालवला आसता की वो!"

हिंदुरावांनी टोपी झटकून डोक्यावर चढवली.

"गाठ कुठं पळून जाती व्हय? पाणी पळून जातं."