अक्का अडत्या नव्हती

मंगलअक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी राजारामपुरीतल्या माझ्या सेवा केंद्रात दुसऱ्याच कुणाचा तरी अर्ज भरत होतो. फोन दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. "अक्का गेली. जिन्यात," एवढंच म्हणाले. कसबा बावड्यातल्या एका नव्या अपार्टमेंटचा तिसरा मजला चढताना साड्यांची पिशवी घेऊन ती पायरीवर टेकली, ती टेकलीच... महिना होऊन गेला. लोक भेटतात, 'चांगली होती हो' म्हणतात. होतीच चांगली! पण ती काय काम करायची हे त्यातल्या एकालाही धड सांगता येत नाही. आणि ज्याला येत होतं त्या माझ्यासारख्या शहाण्यानं ते चुकीचं लिहून ठेवलं.

ती माझी आत्तेबहीण, नेसरीची, माझ्याहून बरीच मोठी. लग्न होऊन बावड्यात आली आणि पोरं शाळेत जायला लागल्यावर राजारामपुरीतल्या एका साडीच्या दुकानातून जांगड माल न्यायला लागली. जांगड म्हणजे माल दुकानदाराचाच. विकला गेला तर आपलं कमिशन, नाही गेला तर जसा नेला तसा परत. तिनं परत आणलेली साडी दुकानदार न उघडता कपाटात लावायचा, इतका तिच्यावर भरवसा. दारात उभी राहून म्हणायची, "घेऊ नगासा, नुसतं खांद्यावर टाकून बघा की!" आणि बायका घ्यायच्या. पण एखादीला रंग शोभत नसला तर तोंडावर सांगायची, "ह्यात तू आजारी दिसायलीस, ठेव ती." मी एकदा म्हटलं, अक्का, असा धंदा करतात का? तर माझ्यावरच खेकसली, "माल त्येंचा असला तरी तोंड माझं हाय."

इतकी वर्षं जिने चढल्यावर तिला एकच गोष्ट हवी होती, बसून विकायचं. शहरात दरवर्षी छोट्या किरकोळ विक्रेत्या बायकांचं एक प्रदर्शन भरतं. तिथं एक टेबल, एक खुर्ची आणि मागं स्वतःच्या नावाची पाटी. त्यासाठी व्यवसायाची नोंदणी लागते, म्हणून ती माझ्याकडं आली. अर्जात व्यवसायाचा प्रकार निवडायची लांबलचक यादी असते. त्यात जांगड हा शब्द कुठून असणार! मी विचारलं, "कमिशनवरच ना?" ती म्हणाली, "व्हय की." झालं. कोल्हापुरात जन्म काढलेल्या माणसाला कमिशन म्हटलं की गूळ मार्केटातला अडत्याच दिसतो. मी 'कमिशन एजंट, घाऊक व्यापार' निवडून मोकळा झालो. त्याच यादीत बऱ्याच खाली 'दुकानाशिवाय, कमिशनवर किरकोळ विक्री' अशी सरळ ओळ होती. तिथपर्यंत जायचा मी कंटाळा केला. बाहेर रांग होती असं मी लोकांना सांगतो... रांगबिंग काही नव्हती.

प्रदर्शनवाल्यांनी प्रमाणपत्र बघितलं आणि तिला परत पाठवलं. घाऊक व्यापाऱ्यांना जागा नाही म्हणे! पिशवी समोर ठेवून उभ्या असलेल्या बाईकडं एकदा मान वर करून बघावं, एवढंही त्यांना सुचलं नाही. अक्का मात्र हसत माझ्याकडं आली. "काय रं, मला गुळाचा अडत्या केलास व्हय? आता ढेपा कुठनं आणू?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. "उद्या दुरुस्त करतो," मी म्हणालो. ती दुसऱ्यांदा आली, तेव्हाही मी तेच म्हणालो. तिसऱ्यांदा "सवडीनं कर बाबा," म्हणाली तेव्हा ती हसत नव्हती, हे मला आता आठवतं. पुढच्या वर्षीच्या अर्जांची मुदत आली आणि गेली. त्यानंतर तिनं विषयच काढला नाही.

ती जिन्यात टेकली त्या आठवड्यात प्रदर्शन चालू होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचंच दुखणं होतं, झटका खुर्चीत बसल्यावरही आला असता. आला असता. पण खुर्चीत आला असता ना!

गेल्या सोमवारी दाजी तिची नोंदणी बंद करायला आले. बंद करण्याआधी मी दुरुस्तीचं पान उघडलं, यादीत खाली गेलो, ती ओळ निवडली. दाजींसाठी सांगितलेला चहा यायच्या आत काम झालं. चहा यायच्या आत! मी स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली, चांगली मोठ्यानं. मग प्रमाणपत्र छापून दाजींच्या हातात दिलं. अक्काशी लग्न झाल्यापासून मला नावानं हाक मारणारा तो माणूस. त्यांनी अक्काचं नाव वाचलं, खालचा व्यवसाय वाचला, परत एकदा वाचला आणि कागद माझ्याच टेबलावर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच, पावणं," म्हणाले. "तिला पायजे हुता तवा दिला न्हाईसा."