आधी फाटक बघ

"ए मास्तर, बूट काढ!"

गोमादा माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. भाईंदरच्या शाळेत मी नुकताच लागलो होतो आणि संध्याकाळी फिरायला म्हणून राई गावाच्या बाजूच्या मिठागरात शिरलो होतो. अंगात कोट, पायांत पॉलिश केलेले बूट आणि डोक्यात पुण्याहून आणलेली हवा. समोर कमरेला रुमाल गुंडाळलेला, उन्हानं काळाकभिन्न झालेला चाळिशीचा माणूस हातात लाकडी चोपणं घेऊन उभा.

माझं टाळकंच सणकलं. ओळख ना देख, त्यात 'ए', त्यावर 'काढ'! मी म्हटलं, "मला अरेतुरे करणारे तुम्ही कोण?"

त्यानं मागं वळून पाहिलं. "तुमी? मागं कोन उबा हाय काय? मी तर एकलाच हाय. आन आमच्या राईत देवाला पन तूच म्हनतान. तू देवाहून मोटा लागून गेलास काय? काढ बूट! कालच तल चोपलाय, तुज्या टाचा उमटतील त्याच्यात."

मिठागराचा तळ म्हणजे साधी माती नव्हे. ती पायांनी मळायची, चोपायची, पुन्हा पुन्हा चोपायची, तेव्हा कुठं तिच्यात मीठ धरतं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी बूट काढले ते रागारागानं, पण काढले. त्यानं माझ्या पांढऱ्या पावलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हां. आता मानूस दिसतंस."

गोमाजी धाया पाटील, म्हणजे सगळ्या राईचा गोमादा, आज नाही. पण कुठंही सपाट जमीन दिसली की माझी उजवी टाच आपोआप खाली दाबली जाते, ती त्याच्यामुळे. तो चालताना मध्येच थांबायचा, टाच जमिनीत रोवायचा, अर्धवट फिरवायचा आणि निकाल द्यायचा. देवळाचं अंगण असो, स्टेशनचा फलाट असो, सुटका नाही. आमच्या शाळेच्या ओसरीवर टाच फिरवून म्हणाला होता, "यो जमीन कारकुनानं केलीय. कागदावर सपाट हाय."

चिडका तर इतका, की विचारू नका. बांध फुटला की चिडायचा, पाहुणा न जेवता उठला की चिडायचा, मी आठ दिवस फिरकलो नाही तर बांधावरूनच सुरू व्हायचा, "मेला का जित्ता हाय रं मास्तर?" पण एक होतं. परक्यावर तो कधी ओरडला नाही. परक्याशी अगदी मऊ, अगदी गोड. त्याच्या शिव्या खायला त्याचं माणूस असावं लागे. मला त्यानं पहिल्याच दिवशी आपलं का मानलं, देव जाणे. त्याची बायको हिरूबाय म्हणायची, "ओरडतंय तवर बरा हाय. गप झाला का भ्यावं."

या माणसाला गोल्फचं वेड होतं. हसू नका. हसलात तर मी इथंच थांबतो. मिठाच्या कामावर देखरेख करायला एक गोरा साहेब चार हिवाळे खाडीकाठच्या बंगल्यात राहिला होता. त्याला गोल्फ खेळायचं होतं, आणि त्या काळी बऱ्याच मैदानांवर चेंडू पाडायच्या खळीभोवती हिरवळ नसायची, तर वाळू आणि तेल घालून चोपलेली गुळगुळीत गोल जागा असायची. तशी जागा करायला गोमादापेक्षा चांगला माणूस कुठं मिळणार? त्यानं बंगल्यामागं चार खळ्या करून दिल्या. मग एकट्यानं खेळून कंटाळलेल्या साहेबानं त्याच्याच हातात काठी दिली. बदली होऊन जाताना साहेब तीन जुन्या काठ्या ठेवून गेला. त्या गोणपाटाच्या पिशवीत घालून गोमादा भातकापणी झाली की रिकाम्या शेतात खेळायचा. काठी मोडली तर उत्तनच्या सुताराकडून जोडून आणायचा. अनवाणी खेळायचा, अन् काय टोला असायचा त्याचा!

पण चार खळ्यांवर त्याचं मन भरत नव्हतं. "मास्तर, पुरा डाव अठरा खल्यांचा असतंय. एकदा खेलायचा हाय मना. चोरून न्हाय. सरल फाटकातून जायचा, नाव सांगायचा आन खेलायचा."

मिठाच्या वाघिणी रेल्वेनं गावोगाव जात, आणि माल उतरवून द्यायला मालक गोमादालाच धाडायचा. ज्या शहरात जाईल तिथलं गोल्फचं मैदान तो शोधून काढायचा. आत जाणं दूरच, कुंपणाबाहेरून बघायचा आणि परत येऊन मला सांगायचा. मैदान कसं निवडावं याचं त्याचं शास्त्रच होतं. "आधी फाटक बग. मंग जमीन. फाटकावरच्या शिपायाचा पट्टा लय चकाकत असंल तर फुडं चाल. टांगा आत जातंय आन चालत आलेल्याला इचारतान, तर फुडं चाल. कुत्रा असंल तर त्यो कोनावर भुंकतंय ते बग. आमच्या खाडीवरची उघाडी, पान्याचा दरवाजा हाय ना, तसाच फाटक. कोनता पानी आत घ्यायचा, ते तितंच ठरतंय."

मी चेष्टेत म्हटलं, "तुझ्यासाठी पत्रं लिहू का?" तो चेष्टा करत नव्हता. "लिव," म्हणाला.

घाटावरच्या एका छावणीच्या शहरात तीन मैदानं होती. शहराचं नाव घेत नाही, माझा राग त्या शहरावर नाही. मी तिन्हींना इंग्रजीत पत्रं धाडली, खाली सही 'जी. डी. पाटील'. पहिलं लष्कराचं होतं, त्यांनी उत्तरच दिलं नाही. दुसऱ्यानं लिहिलं, सभासदाची ओळख आणा. तिसऱ्याचं उत्तर आलं: आमचं मैदान सार्वजनिक आहे, बाहेरगावच्या खेळाडूंचं स्वागत आहे. वर लिहिलं होतं, 'डियर सर'.

ते पत्र गोमादानं माझ्याकडून किती वेळा वाचून घेतलं असेल!

"डियर सर म्हंजे काय?"

"प्रिय महाशय."

"मना? मना महाशय?" आणि लगेच चिडला, "सावकाश वाच की मेल्या! घाई कसली तुला?"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं गेलो. गोमादानं नवा सदरा शिवला होता, स्वच्छ धोतर नेसला होता. पाय अनवाणी. बूट घेऊ या म्हटलं तर भडकला, "बूट घालून जमीन कशी कलंल?" फाटकाशी पोचलो. शिपायाचा पट्टा चकाकत नव्हता, कुत्रा नव्हता, पाटीवर 'सार्वजनिक' असं ठळक लिहिलेलं. गोमादानं कुंपणाकडेला टाच दाबली, फिरवली आणि माझ्याकडे बघून हसला. त्याचं शास्त्र या मैदानाला पास करत होतं.

फाटकाच्या खोलीतून कारकून आला. गोरा नव्हे. आपलाच, मराठी बोलणारा, कपाळाला गंध लावलेला. त्यानं माझा कोट पाहिला, बूट पाहिले.

"आपणच पाटील साहेब? या, या. पत्र आलं होतं आपलं. गड्याला तेवढं बाजूच्या वाटेनं पाठवा."

गोमादानं खिशातलं पत्र काढून पुढं धरलं होतं. त्याच्या हाताकडे त्या कारकुनानं पाहिलंसुद्धा नाही.

मी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, अरे शहाण्या, पाटील हे! खेळाडू हे! मला काठी कुठल्या बाजूनं धरतात तेही ठाऊक नाही. जिभेवर आलं होतं. पण मी विचार केला, आधी हा आत तर जाऊ दे, मग पुढचं पुढं. कसला विचार अन् कसलं काय. भ्यालो होतो. मी म्हणालो, "हो, मीच पाटील. हा माझा गडी."

पुढचं सांगताना अजून अंगाचा तिळपापड होतो. बरोबर एक शिपाई दिला होता, तो बघत राहिला, म्हणून मलाच खेळावं लागलं. मी काठी फिरवली की चेंडू जागच्या जागी आणि माती उडायची. गोमादा खांद्यावर स्वतःची पिशवी घेऊन मागं उभा. मी हळूच विचारलं, "आता कुठली काठी?"

"यो घ्या, साहेब."

मला वाटलं, शिपाई ऐकतोय म्हणून सोंग करतोय. तिसऱ्या खळीशी शिपाई कंटाळून निघून गेला. मी काठी त्याच्यापुढं धरली. "मार आता. कुणी नाही."

त्यानं खळीभोवतीच्या जागेवर टाच ठेवली, फिरवली. चोपणीचं काम वाईट होतं, मलासुद्धा दिसत होतं. तो एक अक्षर बोलला नाही. मग म्हणाला, "नको साहेब. गड्यानं खेलायचा नसतंय."

परतताना मी फाटकातून बाहेर पडलो. तो बाजूच्या वाटेनं.

गाडीत मी तोंडाचा पट्टा सुरू केला. कारकुनाला शिव्या, पाटीला शिव्या, त्या 'सार्वजनिक' शब्दाला शिव्या. तो खिडकीबाहेर बघत बसला होता. मग मला त्याचाच राग आला. अरे, ओरड की! बांध फुटला तर अख्खी राई डोक्यावर घेतोस, आणि आज गप्प? मी म्हटलं, "गोमादा, चुकलं माझं. शिव्या दे मला."

"तुमाला कशा देऊ, साहेब?" अगदी मऊ आवाजात म्हणाला. अगदी गोड.

तेव्हा मला कळलं, मी परका झालो.

नऊ वर्षं. नऊ वर्षं तो माणूस मला 'तुमी' म्हणत राहिला. मिठागरात गेलो की चोपणं बाजूला ठेवून उभा राहायचा. "बसा साहेब. बरं हाय ना साहेब?" मी मुद्दाम बूट घालून त्याच्या ताज्या चोपलेल्या तळावरून चाललो एकदा, भरभक्कम टाचा उमटवत. तो बघत राहिला आणि मी गेल्यावर मुकाट्यानं पुन्हा चोपायला लागला. हिरूबायनं मला दारात गाठलं. "काय केलास रं मास्तर त्याला? तुज्या नावानं एक शिवी न्हाय त्याच्या तोंडात." त्या तीन काठ्यांना त्यानं पुन्हा हात लावला नव्हता.

लोक मला म्हणतात, त्या काळी तसंच होतं हो. काय तसंच होतं? फाटकावर गोरा नव्हता. आपला माणूस होता. आणि 'माझा गडी' हे शब्द कुठल्या साहेबानं माझ्या तोंडात घातले नव्हते. ते माझ्या तोंडात तयारच होते, म्हणून इतके पटकन बाहेर आले. 'त्या काळी' म्हणून हात झटकणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, कारण पहिली काही वर्षं मीही तेच म्हणत होतो.

स्वातंत्र्य मिळालं. पुढच्या हिवाळ्यात बातमी कळली की त्या शहरातले साहेब गेले आणि ते मैदान ओसाड पडलंय. मी तसाच राईला गेलो.

"चल," म्हटलं. "आता कुणी अडवणार नाही."

त्यानं टाच जमिनीत फिरवली. मग म्हणाला, "फाटक हाय का?"

"आहे म्हणतात."

"मंग येतो."

साठीकडे झुकला होता. पिशवीवरची धूळ झटकली आणि निघाला. आम्ही पोचलो तर फाटकाचं एक दार गळून पडलेलं, दुसरं उघडं. पाटी गवतात पालथी. आत म्हशी चरत होत्या. मी सरळ आत गेलो, दहा पावलं गेल्यावर मागं पाहिलं, तर गोमादा बाहेरच उभा.

"ये ना! कुणी नाही."

"म्हनून तर उबा हाय. तितंच थांब. इचार."

"काय विचारू?"

"कोन हाय ते इचार, मेल्या!" तो एकदम ओरडला. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "तवा कोनी इचारलाच न्हाय मना! तूच सांगून मोकला झालास! मना त्वांड नव्हता? आता इचार!"

मेल्या. नऊ वर्षांनी मेल्या. मी कसंबसं म्हटलं, "कोण आहे?"

"जोरानं! शालेत पोरांवर बोंबलतंस ना? तसा!"

"कोण आहे?" मी ओरडलो. एका म्हशीनं मान वर केली.

गोमादा ताठ झाला. "गोमाजी धाया पाटील. राव्हनार राई. मिठागरवाला. खेलायला आलोय." मग फाटकातून आत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि पिशवी माझ्या खांद्यावर आदळली. "आन यो माजा गडी. काय बगतंस? बूट काढ!"

मी बूट काढले. बुजलेल्या खळ्या तो टाचेनं शोधायचा, गवत उपटायचा आणि खेळायचा. अठराच्या अठरा. मी पिशवी घेऊन मागं. सगळा वेळ तोंड चालू: काठी चुकीची दिलीस, मध्ये उभा राहिलास, सावली पाडलीस, तुला कोनी मास्तर केला? मी ऐकत होतो आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होतो. त्यानंतर तो दोनच वर्षं होता. त्या दोन वर्षांत त्यानं मला एकदाही 'साहेब' म्हटलं नाही.

खेळ संपला तेव्हा त्याला धाप लागली होती. आम्ही परत निघालो. फाटक जवळ आलं तसा मी पिशवी सावरून बाजूच्या वाटेकडे वळलो. गड्यानं तिकडूनच जायचं होतं ना!

त्यानं मागून माझी कॉलर धरली.

"तिकडं कुटं चाललास, गाढवा? फाटकातून चल."