चाखलेलं पाणी

चांगुणाकाकू मोगऱ्याला पाणी घालायची ते आधी स्वतः चाखून. तांब्यातलं थोडं पाणी ओंजळीत घ्यायची, जिभेवर घोळवायची, डोळे मिटायची आणि मगच मला म्हणायची, "गोड हाय. घाल आता झाडाला."

"देवाला नैवेद्य दाखवतानाही तू एवढी गंभीर नसतेस," मी चिडवायची.

"तू रोह्याची. तुला काय ठाव मीठ?"

मी तेव्हा पेणच्या खारेपाटातल्या शाळेत नवीन शिक्षिका होते. घर रोह्याला लागून अष्टमी गावात, म्हणून काकूच्या पडवीत भाड्याने राहत होते. तिचा नवरा मिठागरावर राबून राबून गेलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन रामवाडीत. घरात काकू आणि दारात हा मोगरा. गावात दुसरं फुलझाड जगत नव्हतं, कारण जमिनीत मीठ. काकूने माहेरून, खांबहून, दर फेरीला पिशवीभर माती आणून ओट्याशेजारी हातभर उंच वाफा केला होता. एसटीत कुणी विचारलं, पिशवीत काय एवढं जड, की ही म्हणायची, "माहेरचा खाऊ."

संध्याकाळी कळ्या उमलायला लागल्या की ती कुणाशी बोलत नसे. वाफ्याशी बसून ओल्या मातीचा वास घ्यायची, मग चार फुलं खुडून माठात सोडायची. टँकरच्या पाण्याला रबराचा वास यायचा. सकाळी तेच पाणी प्यायलं की घशातून मोगरा उतरत जायचा. कुणाचं घरात बिनसलं, एखाद्या नव्या सुनेला माहेर आठवलं, की ती काकूच्या दारात यायची. काकू पेला पुढे करायची. "पी गो. दुख जात नाय यानं. पन घटकाभर गप बसतं."

परीक्षांच्या दिवसांत मुलीच्या बाळंतपणासाठी काकू आठ दिवस रामवाडीला गेली. जाताना एकच बजावलं, "सकाळचे दोन तांबे. जीभ लावल्याबिगर घालू नको गो."

त्याच आठवड्यात उधाणाच्या भरतीने खाडीचा बांध फुटला. खारं पाणी शेतांत शिरलं. टँकर आला नाही. मी शहाणपणा केला. माठातलं पिण्याचं पाणी जपलं आणि झाडाला तळ्यातलं घातलं. तळं खाडीपासून तसं लांब, पाणीही नितळ दिसत होतं. शाळेची घाई होती. चाखणं हे काकूचं खूळ, असंच मी धरून चालले होते.

ती परतली तेव्हा पानं कडेने करपली होती. तिने वाफ्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. "खारं," एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. तिने माझ्यासाठी भात टाकला. ते मला सोसवलं नाही. झाड मी मारलं होतं.

पावसाळा सरला तरी फूट आली नाही. दिवाळीनंतर मी अष्टमीहून मोगऱ्याचं रोप नेलं, माती नेली. काकूने हात लावला नाही. "बांध फुटतच रहानार. त्याला कशाला मारायला आनलंस? ने परत."

मी ते परत नेलं आणि आमच्या अंगणात लावलं. निर्लज्जासारखं फुललं ते.

पुढच्या उन्हाळ्यात काकूने अंथरूण धरलं. शेवटचे दिवस होते, मुलगी उशाशी बसून होती. मी ओल्या फडक्यात फुलं बांधून एसटीने आणली, माठात सोडली आणि संध्याकाळी त्यातलं घोटभर पाणी तिला चमच्याने पाजलं. तिने ते जिभेवर घोळवलं. डोळे मिटले.

"गोड हाय," ती म्हणाली. "घाल आता झाडाला."

मी पेला घेऊन बाहेर आले. वाफ्यावर पांढरं मीठ फुटलं होतं. आत ती कान देऊन असणार, म्हणून ते पाणी मी हळूहळू ओतलं, तिला आवाज ऐकू जाईल असं.