बिनवासाच्या फुलांसाठी बोरिवलीला

चूक माझीच. आमच्या अंधेरीच्या वाचनालयाचा अंक दर होळीला निघतो आणि त्यातला निसर्गावरचा लेख माझ्याकडे, हे ठरलेलं. गेल्या वर्षी मी लिहिलं, 'फुललेल्या पळसाच्या गर्द सावलीत, त्याच्या धुंद सुगंधात मी तासन्‌तास बसलो.' सगळ्यांनी वाहवा केली. चिटणीस दामल्यांनी तर ते वाक्य चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवलं. अंक घरी आणला, तर आमची इंदू वाचता वाचता पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अहो, पळसाला कुठला वास? आणि फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं त्याच्या. सावली कसली?"

तिचं माहेर मुरबाडच्या पलीकडं. सहा वर्षांपूर्वी तिची आई गेली, भावांनी घर विकलं, आणि तिचं तिकडं जाणंच संपलं. मी पडलो पुस्तकातून निसर्ग वाचणारा कारकून. तोंड लपवायला म्हणालो, "रान काय सगळीकडं सारखंच. पळसाला पानं तीनच." ती हसायची थांबली. ते मला वर्षभर खुपत राहिलं. म्हणून यंदा लेख लिहायच्या आधी तिला म्हटलं, "चल, रविवारी कान्हेरीला जाऊ. पळस दाखव मला."

तुम्हाला जायचं असेल तर सकाळी सहाच्या आत निघा. रविवारी त्या वेळी गाडीत पाय पसरून बसता येतं. बोरिवली स्टेशनाबाहेर चहा बरा मिळतो, भजी मात्र आदल्या दिवशीची. टांगेवाला डोंगराच्या पायथ्यापर्यंत दीड रुपया सांगतो, सव्वावर येतो.

"लेणी बघायला काय?" त्यानं विचारलं.

"नाही, पळस."

"पळस?" त्यानं वळून पाहिलं. "त्याच्यासाठी टांगा? त्याचं लाकूडपण कामाचं नाय, शेठ."

पायथ्यापासून लेण्यांपर्यंत तीनेक मैल चाल आहे. लेण्यांत दगडी टाक्यांमध्ये गार पाणी मिळतं, पण तिथं पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, तेव्हा पाण्याचा तांब्या जवळ असू द्या. मी मात्र वही-पेन्सिल घेतली होती आणि तांब्या घरीच राहिला होता. चालता चालता मी लिहीत होतो: 'वनश्रीचा अपूर्व सोहळा', 'अग्निज्वाळांची आरास'. पळस अजून दिसलाही नव्हता, आरास तयार होती. इंदू चपला हातात घेऊन पुढं चालली होती. घरी उंबऱ्याला ठेचकाळणारी बाई, इथं दगडाधोंड्यांतून सरसर जात होती.

मैलभर गेल्यावर ती उतारावर थांबली. समोर वेडंवाकडं, काळपट खोडाचं झाड. एक पान नाही, नुसती शेंदरी फुलं. फांदीवर साळुंक्यांची भांडणं चाललेली. मी जवळ जाऊन फूल नाकाला लावलं. वास खरंच नव्हता. इंदूनं एक फूल तोडून त्याचा देठाकडचा भाग ओठांत धरला आणि मध चोखला, लहान पोरीसारखा. मग खाली पडलेली फुलं वेचून ओच्यात भरायला लागली.

"हे कशाला?"

"रंगपंचमीला. आई मोठ्या पातेल्यात उकळायची. केशरी रंग यायचा, अंगावरून दोन दिवस जायचा नाही."

मी वही उघडली. "सांग ना, नेमकं काय वाटतं तुला? मला लिहायचंय."

तिनं ओच्यातली फुलं सारखी केली. "काही नाही हो," ती म्हणाली. "आईला सांगावंसं वाटतं."

तिचे डोळे भरून आले. तिथंच दगडावर बसून आम्ही लसणीच्या चटणीशी भाकरी खाल्ली. ऊन डोक्यावर, सावली नावालाही नाही. लेणी राहूनच गेली, त्यामुळं त्यांच्याविषयी इथं काही सापडणार नाही.

घरी आल्यावर इंदूनं स्टोव्हवर फुलं उकळत ठेवली आणि मी जुने अंक काढून बसलो. सात वर्षांचे सात लेख. चांदणं आहे, झरे आहेत, सुगंध तर पानोपानी. पण हे मी कुणाला सांगत होतो? एकाही ओळीत सांगायची घाई दिसेना. मला आनंद झाला होता तो वाक्यांचा. झाडाचा आनंद तिच्याकडं होता, आणि तो जिला सांगायचा ती आईच आता नव्हती. मी तिला माहेर तर परत देऊ शकत नव्हतो. वही तिच्यापुढं ठेवली. म्हटलं, "मग सांग की आईला. लिही."

"इश्श. माझं शिक्षण चौथीपर्यंत."

वही तिथंच ठेवून मी दिवाबत्तीला लागलो. नंतर बघितलं तर पानावर केशरी अंगठा उमटलेला होता, आणि वाकड्या अक्षरात दोन ओळी:

'ती. आईस शि. सा. न. वि. वि. पळस फुललाय. इथं पण.'

त्यापुढं पान कोरं होतं. दामले परवा येऊन विचारून गेले, लेख कुठवर आला म्हणून. मी ते पान फाडून दिलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "बाकीचा?"

म्हटलं, "बाकीचा गेल्या वर्षीच छापलाय तुम्ही. त्यातला वास तेवढा काढून टाका."