माझा आला तरी उचलायचा नाही

अठरा भरले, लायसन्स आलं, तेव्हा बाबांनी स्कूटीची चावी हातात दिली. पण आधी डोकं खाल्लं. हेल्मेट घालायचं. ट्रकनं धूळ उडवली की कडेला थांबायचं, आंधळ्यासारखं घुसायचं नाही. "आन् गाडीवर फोन उचलाचा नाई. माहा आला तरी नाई!" एक दिवस जरी उशीर केला तर चावी परत. घर एटापल्लीला, कॉलेज अहेरीला, मधे नुसतं जंगल. चावी गेली की कॉलेजही गेलंच.

त्या दिवशी सगळं आडवं आलं. प्रॅक्टिकल लांबलं. परतताना खनिजाचे ट्रक, लाल धुळीत स्वतःचा आरसा दिसेना. थांबले. निघाले तर पुढे गुरांचा कळप, त्यांना कसली घाई! दिवस कलला आणि डिक्कीत फोन वाजायला लागला. बंद झाला, परत वाजला. अहो बाबा, तुम्हीच सांगितलंत ना? मग जीव का खाताय! हेल्मेटच्या आत कान तापले माझे.

शेवटी एका चहाच्या टपरीशी गाडी स्टँडवर लावली आणि बाबांना फोन केला. त्यांनी लगेच उचलला.

"कुठी आहेस? काऊन उचलत नाई फोन?"

मागे भर्र वारा. मग ट्रकचा हॉर्न, अगदी जवळ.

"बाबा, तुमी गाडीवर आहा का?"

"तुलेच पाहाले निघालो ना! हॅलो? आयकू नाई येऊन राह्यलं..."

परत हॉर्न. मी फोन कापला. पुन्हा करावा, तर ते पुन्हा उचलतील. मग काय करू? टपरीपुढं नुसत्या येरझाऱ्या. एकेक ट्रक येई आणि त्याच्या मागे बाबा दिसतात का बघायची. देवा, फक्त धड येऊ दे त्यांना.

आले. केस धुळीनं लाल. हेल्मेट घरीच विसरलेले.

"फोन काऊन कापला?"

मला रडूच फुटलं. हात पुढे केला. "चावी द्या, बाबा."

त्यांनी खिसा चाचपला, चावी काढून दिली. माझं हेल्मेट मी त्यांना घातलं. त्यांची मोटरसायकल टपरीशी ठेवून आम्ही तिथंच बाकावर बसलो आणि मी आईला फोन लावला, कुणाच्या तरी हाती दुसरं हेल्मेट पाठव म्हणून.

"तुह्या आईले सांग," ते हळूच म्हणाले, "आनणाऱ्याले फोन नोको करू म्हना."